कँटीनमधल्या पोस्टरकडे कुणी बघतं का? (कंपनीत आहार-आरोग्य शिकवण्याचं साहित्य)

एमायडीसीकर

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी ॲडमिनला आहे. माणसं ३४०, त्यातली निम्म्याहून जास्त कंत्राटी आणि ट्रेनी. ४ मार्चपासूनचा सुरक्षा सप्ताह दरवर्षी माझ्याच गळ्यात असतो. शपथ, घोषवाक्य स्पर्धा, आग विझवण्याचं प्रात्यक्षिक, शेवटी समोसा आणि कोल्ड्रिंक, की संपलं. यंदा वरून निरोप आला की त्यातच ‘आहार व आरोग्य’ पण उरकून घ्या. पैसे म्हणाल तर फ्लेक्स छापण्यापुरते.

आधी मी काय केलं ते सांगतो, मग प्रश्न विचारतो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं आणि एफएसएसएआयचं (देशाची अन्नसुरक्षा यंत्रणा) खास कामाच्या जागांसाठी काढलेलं ‘ऑरेंज बुक’ उतरवून घेतलं. माहिती चोख आहे, त्यात वाद नाही. त्यावरून आठ फ्लेक्स केले. ‘प्रथिने’, ‘तंतुमय पदार्थ’, ‘सूक्ष्म पोषकद्रव्ये’, रंगीत थाळी, हसरं कुटुंब, सगळं आलं. कँटीनमध्ये हात धुवायच्या बेसिनच्या वर ओळीने लावले.

पंधरा दिवसांनी जेवणाच्या रांगेत दहा जणांना विचारलं, बेसिनवर काय लावलंय? सात जण म्हणाले, “सेफ्टीचं काहीतरी.” एक म्हणाला, “हात धुवा.” एकाने खरंच वाचलं होतं. तो म्हणाला, “साहेब, त्यात पनीर आहे. आपल्याकडं पनीर कधी असतं?” दहावा ओडिशाचा, त्याला मराठी वाचता येत नाही. आणि त्या दिवशी ताटात काय होतं? बटाट्याचा रस्सा, बटाट्याची भजी, भात, चपाती, पापड.

मग फ्लेक्सचा नाद सोडला आणि कँटीनच्या स्टोअरची वही मागवली. रोज तेलाचा एक डबा, पंधराचा. भागिले ३४०. माणशी ४४ ग्रॅम. पोषण संस्थेच्या २००० कॅलरीच्या थाळीत दिवसभराचं वरचं तेल-तूप धरलंय २७ ग्रॅम, आणि आमचं हे एक जेवण आणि एक नाश्ता. घरी जाऊन माणूस अजून जेवतोच.

तो रिकामा डबाच कँटीनच्या दारात ठेवला. ऑइल पेंटने त्यावर लिहिलं, ‘हा आपण रोज संपवतो.’ शेजारी औषधाच्या दोन पारदर्शक बाटल्या ठेवल्या. एकीत ४४ ग्रॅम तेल, दुसरीत २७. बास, बाकी एक अक्षर नाही.

माणसं थांबली हो! पहिल्यांदाच. बाटली हातात घेऊन हलवून बघत होते. एक ट्रेनी पोरगा म्हणाला, “एवढं तेल तर आमची आई चार दिवस पुरवते.” मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या दिवशी युनियनची मंडळी केबिनमध्ये. “तेल कमी करून कंपनी किती वाचवणार आहे, तेवढं सांगा.” त्यात मी आगाऊपणा करून चहाचा एक थर्मास बिनसाखरेचा केला होता, शेजारी साखरेचा डबा आणि चमचा. त्यावर वाक्य असं फिरलं की, “आधी पगारवाढ खाल्ली, आता साखर खातायत.”

तर प्रश्न असे. तुमच्याकडे असं काही झालंय का? शाळेतल्या तक्त्यासारखं न वाटणारं, मोठ्या माणसांसाठीचं साहित्य कुणी बनवलंय का? आणि हा संशय कसा घालवायचा?

हिरवी_मिरची

डबा आवडला. वाखु (वाचनखूण) साठवली आहे. वाचतेय.

तिसरी_पाळी

साहेब, राग मानू नका. मी दुसऱ्या कंपनीत आहे, पण चित्र तेच. आमच्याकडे आरोग्याची व्याख्यानं झाली चार, चारही सकाळी अकराला. रात्रपाळीवाला तेव्हा झोपलेला असतो. झोप मोडून आलेल्याला व्याख्यानात पहिलं वाक्य ऐकवतात, “सात-आठ तास झोप घ्या.”

रात्री दीडला आम्हाला काय मिळतं? सेकंड शिफ्टचं उरलेलं गरम करून. ते संपलं तर बिस्किटाचा पुडा आणि मशीनचा चहा. पहाटे चारला डोळे मिटायला लागले की कोल्ड्रिंक. तुमच्या सोळा प्रकारच्या भाज्यांची चित्रं रात्री बघितली की भूक लागते एवढाच उपयोग.

तुम्हाला खरंच शिकवायचं असेल तर रात्री एकदा येऊन जेवा.

नागपुरी_तर्री

पोस्टरचं म्हणाल तर आमच्याकडे अख्खं महाभारत झालं. २०२५च्या जुलैत नागपूरच्या एम्समध्ये तेल-साखरेचे फलक लागणार अशी बातमी आली, आणि दोन दिवसांत देशभर आवई उठली की समोसा-जिलबीवर आता सिगारेटसारखा इशारा छापणार. सरकारला खुलासा द्यावा लागला. मूळ सूचना एवढीच होती की कार्यालयांत, कँटीनमध्ये, लॉबीत पदार्थांमधल्या छुप्या तेलाची आणि साखरेची माहिती देणारे फलक लावा. विक्रेत्यांच्या पदार्थांवर लेबलं लावा असं त्यात कुठेच नव्हतं, आणि नुसत्या देशी पदार्थांवर रोखही नव्हता.

गंमत अशी की त्या गोंधळामुळे आमच्या ऑफिसात तेलावर जेवढी चर्चा झाली तेवढी कुठल्याच फलकाने झाली नसती. चर्चा तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभं राहून झाली ही गोष्ट वेगळी.

मोजूनमापून

एक दुरुस्ती. डबा १५ लिटरचा की १५ किलोचा? तेल पाण्यापेक्षा हलकं. १५ लिटर म्हणजे साधारण १३.६५ किलो. मग माणशी ४४ नाही, ४०. दुसरं, भजी तळून कढईत जे उरतं ते वजा केलंत का? ते माणसाच्या पोटात जात नाही.

एमायडीसीकर

@मोजूनमापून, आत्ता जाऊन बघितलं. १५ लिटरच आहे. ४० मान्य. उद्या बाटली बदलतो.

कढईतल्या तेलाचं आचाऱ्याला विचारलं. म्हणाला, “उरत नाही साहेब, दुसऱ्या दिवशीच्या रश्श्याला जातं.” म्हणजे पोटातच. हा वेगळाच विषय निघाला. २०१८च्या जुलैपासून नियम आहे की तळणीच्या तेलात पोलर संयुगं (तेल पुन्हापुन्हा तापवलं की वाढणारी खराब द्रव्यं) २५ टक्क्यांवर गेली की ते खायला वापरायचं नाही. पण ते मोजायचं यंत्र आमच्याकडे कुठलं? तूर्त आचाऱ्याला एवढंच सांगितलंय की काळं, दाट, फेसाळ झालं की मला बोलवायचं.

@तिसरी_पाळी, राग कसला. बरोबर बोललात. पुढच्या आठवड्यात आमच्याच रात्रपाळीत जेवतो.

परिचारिका_ताई

वीस वर्षं कारखान्यांच्या दवाखान्यांत काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

कॅलरी हा शब्द पोस्टरवर आला की ते पोस्टर मेलं. कामगाराला कॅलरी कळत नाही असं नाही, तिचा त्याच्या ताटाशी संबंध लागत नाही. ताटात काय असतं? वाटी, पळी, चमचा, मूठ. माप त्यातच सांगा. मी कँटीनचंच खणांचं स्टीलचं ताट घ्यायचे. मोठ्या खणात भाताऐवजी भाजी वाढायची आणि भाजीच्या लहान खणात भात. तेवढंच दाखवायचं. लोक हसायचे, “हे उलटं झालं,” म्हणायचे. मी म्हणायचे, उलटं कुठलं ते तुम्हीच ठरवा.

साखरेसाठी थंडपेयाची ६०० मिलीची बाटली घ्यायची. मागे बारीक अक्षरात १०० मिलीला साखर किती ते छापलेलं असतं, बहुतेकांत १० ते ११ ग्रॅम. हिशेब कामगारालाच करायला लावायचा. मग रिकाम्या बाटलीत त्यानेच चमच्याने साखर टाकायची, एक चमचा ४ ग्रॅम. सगळे मोठ्याने मोजतात. दहाच्या पुढे आवाज बारीक होतो. पंधरा-सोळाला थांबायचं आणि बाटली तिथेच ठेवून निघून जायचं. आपण एक शब्द बोलायचा नाही.

बायकांच्या लाइनवर विषय वेगळा घ्यावा लागतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरात चौपन्न बायकांना रक्तक्षय निघाला. असेंब्लीला उभं राहून चक्कर येते, सुपरवायझरला वाटतं नाश्ता केला नाही. तिथे मी दोनच गोष्टी सांगते. जेवल्याबरोबर चहा नको, तासभर जाऊ दे, कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. आणि डाळ, पालेभाजी, पोहे काही असो, वरून लिंबू पिळा, नाहीतर पेरूची फोड खा. कंपनीत जेवणाची सुट्टी आणि चहाची सुट्टी जोडून असेल तर पोस्टर काय करणार? आमच्याकडे मॅनेजरला सांगून चहाची गाडी पाऊण तासाने पुढे ढकलली. माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा त्या गाडीने जास्त काम केलं.

भट्टीजवळच्या माणसांसाठीही वेगळं बोलावं लागतं. तिथे नुसतं ‘मीठ कमी खा’ लावून चालत नाही, घामाने अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही जातं. ताक, लिंबू सरबत, कोकम ठेवा. ज्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी दवाखान्यात विचारून घ्यावं. आणि ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात अख्खं टाकायचं असतं. आमच्याकडे अर्धं पाकीट पेल्यात, अर्धं घडी घालून खिशात. म्हणून एक लिटरच्या बाटलीला लाल चिकटपट्टी लावून ती दवाखान्यात टांगली होती, पट्टीपर्यंत पाणी. दुकानात ‘ओआरएस’ नाव लावून गोड सरबतं विकली जायची, ते नाव वापरायला २०२५च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने मनाई केली. तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघूनच घ्या.

हिंजवडीचा_बळी

आमच्याकडे ॲप आहे. रोज दहा हजार पावलं टाकली की कूपन मिळतं. कूपन पिझ्झ्याचं.

गुळाचा_गणपती

साखरेच्या डब्याऐवजी गूळ ठेवला तर? युनियन पण खूष, आरोग्य पण.

परिचारिका_ताई

@गुळाचा_गणपती, दादा, रक्तात गेल्यावर गूळही साखरच. चव म्हणून हवा तर जरूर, पण ‘गुळाचा आहे’ म्हणून माणूस दोन कप जास्त पितो. मधुमेहवाल्याला तर अजिबात फसवू नका.

कलम_कसाई

कायद्याचं थोडं. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४६ नुसार २५०हून जास्त कामगार असले की कँटीन बंधनकारक होतं. आता २०२०ची व्यवसाय सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली, तिच्यात हा आकडा १०० आहे आणि कंत्राटी कामगार त्यात धरलेत. म्हणजे बऱ्याच लहान कारखान्यांत आता नव्याने कँटीन येणार.

धागाकर्त्याच्या कामाची गोष्ट वेगळी. कँटीनच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधी असलेली समिती ही त्या जुन्या कलमातलीच कल्पना आहे. तुमच्याकडे ती कागदावर असेलच. शेवटची बैठक कधी झाली ते बघा. डबा दारात ठेवायच्या आधी तो त्या समितीत ठेवला असता तर युनियन केबिनमध्ये आली नसती, डब्याशेजारी उभी राहिली असती. तेल तुम्ही मोजलंत म्हणून ती कपात झाली. त्यांनी मोजलं असतं तर ती तक्रार झाली असती.

भोसरीची_अन्नपूर्णा

मी तीन कंपन्यांना जेवण पुरवते. इथे सगळे कँटीनवाल्याला शिकवायला निघालेत म्हणून लिहिते.

माझा दर ताटामागे ५५ रुपये, तीन वर्षांपूर्वी ठरलेला. बटाटा का असतो? आठवडाभर टिकतो, मशीनमध्ये सोलून निघतो, परत येत नाही. दोनशे माणसांची मेथी निवडायला दोन बायका अडीच तास बसतात, आणि शिजली की टोपाच्या तळाशी जाते. दर वाढवा, उद्यापासून रोज पालेभाजी देते.

तेलाचं तर विचारूच नका. रश्श्यावर तवंग दिसला नाही की ताट परत. “पाणी पाजता का?” मी उघड विचारते, लाल तवंग मागणारे कोण आहेत? पोस्टर त्यांच्यासाठी लावा.

पण एक युक्ती सांगते, फुकट. रस्सा कमी तेलात शिजवायचा आणि वाढायच्या आधी वरून तिखटाची फोडणी ओतायची. तेवढ्याच तेलाचा तवंग अख्ख्या टोपावर दिसतो. सगळं तेल सुरुवातीला घातलं तर मसाला ते पितो आणि वरून परत घालावं लागतं. माझा तेलाचा खर्च असाच आटोक्यात राहतो. तुमच्या आचाऱ्याला मोठमोठी पुस्तकं देऊ नका, एक दिवस माझ्याकडे पाठवा.

मोजूनमापून

@भोसरीची_अन्नपूर्णा +१. धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. फोडणीला पळ्या किती, तेही लिहा.

भोसरीची_अन्नपूर्णा

शंभर माणसांना मोठी पळी चार. पळीत किती ग्रॅम मावतं ते तुम्ही मोजा, मला वेळ नाही.

नागोयाकर

इकडे जपानचा अनुभव. २००८पासून चाळिशीच्या पुढच्यांची वार्षिक तपासणीत कंबर मोजतात. पुरुषांना ८५ सेंटिमीटर, बायकांना ९०. वर गेलात आणि बीपी-साखरेतही काही निघालं की आहारतज्ज्ञाशी बोलणी. दंड-बिंड माणसाला नसतो, पण लाज पुरेशी असते. भारतीयांसाठी माप वेगळं धरतात, पुरुष ९० आणि बायका ८०.

गेल्या सुट्टीत सांगलीला भावाच्या वर्कशॉपमध्ये मी दोन सुतळ्या कापून खिळ्याला टांगल्या, एक ९०ची, एक ८०ची. पाटी नाही. ज्याला वाटेल त्याने स्टोअररूममध्ये जाऊन बेंबीभोवती लावून बघायची. चारचौघांत मोजू नका, नाहीतर आयुष्यभर टोपणनाव पडतं. भावाच्या सुतळीची टोकं काही जुळली नाहीत. तो म्हणाला, सुतळी आकसली.

हिरवी_मिरची

सुतळी आकसली :ड

तिसरी_पाळी

धागाकर्ते रात्री जेवायला येणार होते. आले का?

एमायडीसीकर

आलो. सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, मधे महिना गेला.

आमच्या रात्रपाळीत तीन रात्री जेवलो. पहिल्या रात्री भात कोरडा ठक्क, आमटी संपलेली, पापड भरपूर. मला पाहून पोरांनी ताटं लपवली. त्यांना वाटलं तपासणी आहे. दुसऱ्या रात्री कुणी बोललं नाही. तिसऱ्या रात्री एकाने त्याचा घरचा डबा पुढे केला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ. म्हणाला, “कँटीनचं कूपन आम्ही विकतो साहेब, तुम्हाला माहीत नाही का?” माहीत नव्हतं. अकरा वर्षं इथे आहे.

कँटीन समितीची शेवटची बैठक निघाली तीन वर्षांपूर्वीची. नव्याने बोलावली. बाटल्या त्यांच्याच हातात दिल्या, भागाकार त्यांनाच करायला लावला. कलम_कसाई म्हणाले तस्संच झालं, ओरड झाली, पण ती कंत्राटदाराच्या दिशेने. त्यांची अट एकच होती. वाचलेल्या तेलाचे पैसे कंपनीच्या खिशात जाता कामा नयेत आणि ते कुठे गेले ते डब्यावरच लिहायचं. मॅनेजमेंटला ते पटवायला मला दोन आठवडे लागले. त्याचं पुराण इथे लावत नाही.

आचारी भोसरीला जाऊन आला. (अन्नपूर्णाताई, त्याने तुमच्या मिसळीचं वर्णन दोन दिवस केलं.) महिन्याला २६ डबे लागायचे, या महिन्यात २० लागले. माणशी ३१ ग्रॅमवर आलोय. एका जेवणा-नाश्त्याला अजून जास्तच आहे, कबूल. सहा डब्यांच्या पैशांतून आठवड्यातून दोन दिवस प्रत्येकी एक उकडलेलं अंडं, न खाणाऱ्याला केळं. डब्यावर आता लिहिलंय, ‘वाचले ६ डबे. आली अंडी.’ त्याखाली ओडिशाच्या पोराने त्याच्या भाषेत तेच लिहिलं. ते मी वाचू शकत नाही, म्हणून फ्लेक्सच्या वेळी त्याला काय वाटलं असेल ते कळलं.

बिनसाखरेच्या थर्मासचा डाव मात्र फसला. पोरं बिनसाखरेचा चहा घेतात आणि तीन चमचे टाकतात. आधी कपात किती होती ते आचाऱ्याला विचारलं, तर दोन होती. ताईंचा बाटलीचा प्रयोग पुढच्या टूलबॉक्स टॉकला (काम सुरू करण्याआधीची छोटी सुरक्षा-बैठक) करतोय. आठ फ्लेक्सपैकी सहा पावसाळ्यासाठी ठेवलेत, पार्किंगचं छप्पर गळतं.

अजून एक. काल सकाळी डब्यावर खडूने एक नवी ओळ दिसली. ‘नाइटला अंडी पोचली नाहीत.’ अक्षर कुणाचं ते माहीत नाही. पुसलेलं नाही. आज रात्री स्वतः जातोय.

तिसरी_पाळी

मग?

एमायडीसीकर

पोचली. सत्तावीस जण, चोवीस अंडी. तिघांना केळी दिली. उद्यापासून रात्रीची मोजणी तेच करणार म्हणालेत.